केंपी कुणाला हाक मारायची

पहाटेचा पहिला भोंगा झाला की आमच्या घरी दोन कामं एकदमच सुरू व्हायची. मागच्या अंगणातल्या गोठ्यात गाईची धार काढली जायची आणि गोठ्याच्या पायरीवर माझी क्रियापदं घेतली जायची. माझे वडील, अण्णा, सोलापुरातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत. शाळेला जाण्याआधी शिकवण्या असत, म्हणून माझ्या वाट्याला ही पहाटच येई. मिलचा भोंगा थांबायच्या आत शेजारच्या पद्मशाली विणकरांच्या घरी माग खटखटू लागलेले असत, आत चुलीवर पाणी तापत असे, आणि अण्णा गुडघ्यावर पुस्तक ठेवून विचारत, कुत्रा? बार्क. घोडा? नेय. गाढव? ब्रे. मेंढी? ब्लीट. गाय? लो. मी शाल गुंडाळून, डोळे अर्धे मिटून उत्तरं देत असे. कोणतं जनावर कोणत्या क्रियापदाने ओरडतं ही यादी त्या वेळच्या प्रत्येक इंग्रजी शाळेत पाठ करून घेत. तिचा मला पुढच्या आयुष्यात काय उपयोग झाला म्हणाल तर ती मी आणखी हजारभर मुलींकडून पाठ करून घेतली.

अण्णांना नुसत्या अर्थावर समाधान नसे. शब्द कुठून आला, त्याचं मूळ घर कोणतं, हे कळल्याशिवाय तो आपला होत नाही असं ते म्हणत. त्यांच्याकडे पुठ्ठा निखळलेला, पोथीसारखा कापडात बांधून ठेवलेला एक जाडजूड शब्दकोश होता. माझी आत्या त्याला त्यांची दुसरी बायको म्हणायची. आत्या त्यांची थोरली बहीण, लहानपणी विधवा होऊन माहेरी परतलेली, घराची खरी मालकीण. ती अण्णांना चाळिशीतही बाळ म्हणे, ते तिला अक्का म्हणत. आईच्या देखत ती ही दुसऱ्या बायकोची थट्टा करायची आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. आई गेल्यावर आत्याने ती थट्टा पुन्हा केली नाही.

आई अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातली. तिच्या माहेरी सगळे कानडी बोलत. मराठी ती लग्नानंतर शिकली आणि शेवटपर्यंत जपून, मोजून बोलली. आपल्या नवऱ्याला गावभर अण्णा म्हणतात याचं तिला हसू यायचं, कारण तिच्या भाषेत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. मी तिच्याकडून आधी कानडीच शिकले. शाळेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी 'ते गाय आलं' असं म्हणाले, मुली हसल्या, आणि घरी आल्यावर आत्याने पोरीची जीभ बिघडली असं जाहीर करून घरात कानडी बंद केली. अण्णांनीही मान डोलावली. पुढे इंग्रजी शिकवायचं तर पाया एका भाषेचा हवा, असं त्यांचं मत होतं. आईने वाद घातला नाही. ती फक्त कानडी बोलायला गोठ्यात जाऊ लागली.

गोठ्यात केंपी होती. केंपी म्हणजे तांबडी. आईला माहेरून आंदण मिळालेल्या गाईची ही कालवड, आमच्याच गोठ्यात जन्मलेली. आत्या तिला तांबू म्हणे, पण त्या नावाला ती कान हलवत नसे. आई तिच्या कुशीला कपाळ टेकवून बसायची आणि म्हणायची, "बा नन्नव्वा, हालु कोडु." ये माझे आई, दूध दे. मग चरवीत धार वाजू लागली की ती केंपीला घरातल्या बातम्या सांगायची. आज भाकरी चांगली फुगली. वन्सांचे गुडघे दुखताहेत. इंदूचा, म्हणजे माझा, दात पडला. अण्णांचा उल्लेख ती 'अवरु' असा करायची, म्हणजे 'ते'. घरात ती दिवसभरात दहा वाक्यं बोलत असेल नसेल, गोठ्यात मात्र तिचं बोलणं धारेपेक्षा लांब चाले. मी वासरू धरून उभी असायची आणि ऐकायची.

एकदा अण्णा मला सांगत होते की संस्कृतात गाईच्या आवाजाला हंभा म्हणतात, त्यावरूनच आपलं हंबरणं आलं. आई आत लसूण सोलत होती. ती तिथूनच हळू म्हणाली, "ती अंबा म्हणते. आमच्याकडे गाय अंबा म्हणते." अण्णांनी हो-हो केलं आणि पान उलटलं. इतक्या लांबच्या शब्दांची घरं शोधणाऱ्या माणसाने घरातल्या त्या एका शब्दाची चौकशी केली नाही. मी त्यांना दोष देत नाही. जे रोज समोर असतं त्याची चौकशी मीही फारशी केलेली नाही.

आई श्रावणात गेली. चार दिवसांचा ताप. त्याविषयी मी इथे अधिक लिहिणार नाही, कारण लिहिण्यासारखं माझ्यापाशी फार नाही. मला शेजारच्या विणकरांच्या घरी ठेवलं होतं आणि त्यांच्या आजीने मला तेलुगूत जे काही समजावलं ते मला कळलं नाही.

दिवाळीनंतर केंपी व्याली. खोंड झाला. गल्लीतले लोक खरवसाची वाट पाहत होते, पण त्या वर्षी आमच्या घरून कुणाला खरवस गेला नाही. वासरू लावलं की केंपी पान्हवायची, आणि वासरू बाजूला करून आत्या चरवी घेऊन बसली की दूध वर ओढून घ्यायची. आत्याने सगळे उपाय केले. सरकी वाढवली, आंबोणात गूळ घातला, मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, मागचे पाय बांधून पाहिले. केंपीने चरवीला लाथ मारली, चरवीला पडलेला पोचा शेवटपर्यंत तसाच होता. दोन महिने असे गेल्यावर आत्याने वैरागच्या एका गुरांच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. त्याला सगळे तात्या म्हणत. मंगळवारच्या बाजाराला आलो की गाय बघून घेऊन जातो, असं त्याचं उत्तर आलं. मी आत्याला म्हणाले की गाय आईची आहे. आत्या म्हणाली, "तुझ्या आईचीच आहे म्हणून दोन महिने लाथा खाल्ल्या."

त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी पहाटे, यादी म्हणताना मी 'लो'पाशी थांबले आणि अण्णांना तो कुठून आला ते विचारलं. एरवी मी असं कधी विचारत नसे. यादी संपवून पुन्हा पांघरुणात शिरायची मला घाई असे. पण केंपीचे तीनच दिवस उरले होते आणि तिच्याविषयी काहीही ऐकायला मला हवं होतं. अण्णांनी कापड सोडलं, पान शोधलं. ते म्हणाले, हा शब्द फार जुना आहे. खालचा या अर्थाच्या शब्दाशी त्याची अक्षरं जुळतात, पण नातं काही नाही. त्याचं मूळ हाक मारणं, मोठ्याने बोलावणं असं आहे, आणि जुन्या रोमच्या भाषेत ओरडून पुकारण्याला जो शब्द होता तो याचाच भाऊ. आपण आवाज ऐकला आणि त्या आवाजाचंच क्रियापद केलं. त्या लोकांनी आवाज ऐकून गाईचा हेतू ओळखला. "म्हणजे गाय ओरडत नाही," अण्णा म्हणाले, "ती हाक मारते." मग त्यांना आणखी एक सुचलं. आपल्याकडे माणूससुद्धा हंबरडा फोडतो, इंग्रजीत मात्र हे क्रियापद आता माणसाला लावत नाहीत. आत्या वैरण टाकत होती. ती म्हणाली, "का? त्यांच्यात कुणी मरत नाही का?" मी विचारलं, "हाक मारते ती कुणाला?" त्यांनी पुन्हा पानावर नजर फिरवली आणि म्हणाले, "कोशात तेवढं दिलेलं नाही."

संध्याकाळच्या भोंग्याला केंपी रोज हंबरायची. मान वळवून, स्वैपाकघराच्या मागच्या दाराकडे बघून. ती भोंग्याला बिचकते असं आत्या म्हणे. त्याच भोंग्याला आई आंबोणाचं घमेलं घेऊन त्या दारातून बाहेर यायची, हे मला ठाऊक होतं. त्या शनिवारी मला सगळं एकदम उमगलं असं लिहायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. मला ते आधीपासून कळत होतं. केंपीला काय हवं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं आणि दोन महिने मी ते सांगितलं नव्हतं. आत्याची भीती होतीच. पण खरं कारण निराळं होतं. ते शब्द आईचे होते. मी ते म्हणाले आणि केंपीने दूध दिलं, तर आईवाचूनही चालतं असं ठरणार होतं, आणि ते ठरवणारी मी असणार होते. अण्णांनी 'हाक' हा शब्द वापरल्यावर मात्र मला गप्प राहता येईना. ती रोज हाक मारत होती आणि ओ देऊ शकेल असं एकच माणूस घरात होतं.

रविवारी पहाटे मी आत्याकडे चरवी मागितली. तिने ती माझ्या हातात दिली आणि लाथ बसली तर रडायचं नाही एवढं बजावलं. मी आईसारखी बसले, कुशीला कपाळ टेकवलं. शब्द लगेच बाहेर आले नाहीत. पाच महिने मी ती भाषा तोंडात घेतली नव्हती. शेवटी म्हणाले, "बा नन्नव्वा, हालु कोडु." केंपीचे कान वळले, एवढंच. मग मी बातम्या सांगायला लागले. खोंडाला गोचीड लागलेत. आत्याच्या चटणीत लसूण कमी असतो. मला इंग्रजीत बावीस जनावरं येतात. मी बोलत होते तो आवाज माझा नव्हता. आईच्या चालीवर आईचे शब्द, तेव्हा तो तिचाच झाला होता. मला हाताखाली आचळ भरल्याचं कळलं आणि पहिली धार चरवीच्या बुडाला वाजली.

चरवी भरली तेव्हा आत्या माझ्यामागे कमरेवर हात ठेवून उभी होती. "कानडी गाय निघाली ही," ती म्हणाली. "आणि दोन महिने मी हिच्याशी मराठीत भांडते आहे." मग चरवी उचलून म्हणाली, "रोज बोल. पण गोठ्यातच." अण्णा पायरीवर बसले होते. कोश उघडा होता. त्या दिवशी त्यांनी पुढची क्रियापदं विचारलीच नाहीत.

मंगळवारी तात्या आले, डोक्याला रुमाल, खांद्यावर नवं दावं. आमच्याकडे विकलेल्या जनावराबरोबर आपलं दावं देत नाहीत, घेणाऱ्याने आपलं आणायचं असतं. त्यांनी केंपीची कास बघितली, तिचे दात बघितले आणि म्हणाले, "गाय झ्याक हाय की. मग मला हितवर बोलावलं कशाला?" आत्याने सांगितलं की पोरगी काढते आहे तोवर राहू दे. तात्या माझ्याकडे बघून हसले. "पोरीचं लगीन झालं की कळवा. मी हायेच."

त्यानंतर चार-सहा दिवसांनी, धार काढून मी उठत होते तेव्हा अण्णांनी पुस्तकातून मान वर न काढता विचारलं, "ती काय बोलायची हिच्याशी?"

मी म्हणाले, "घरातलं सांगायची."

"घरातलं म्हणजे?"

"आज चटणी तिखट झाली. तुम्ही दोनदा पाणी प्यालात, पण काही म्हणाला नाहीत. असलं."

अण्णांनी पुस्तक मिटलं. "तिखट झाली होती खरी," ते म्हणाले. "म्हणायला हवं होतं." मग त्यांनी मला ते चार शब्द पुन्हा म्हणायला लावले, अर्थ विचारला, 'नन्नव्वा'त माझी कुठे आणि आई कुठे ते विचारलं, आणि कोश बांधून शाळेला गेले. आई केंपीला आणखीही एक गोष्ट नेहमी सांगायची. ती मी अण्णांना सांगितली नाही. इथेही सांगत नाही, ती केंपीसाठी होती.

माझं कानडी तेवढंच राहिलं, गाईपुरतं. पुढे शिकले, नोकरी केली, पुण्यात घर केलं, त्या भाषेची गरज पडली नाही. मध्यंतरी एका लग्नासाठी अक्कलकोटला गेले होते. स्टँडवर उसाच्या गुऱ्हाळापाशी कुणी बाई आपल्या मुलीला बोलावत होती, "बा नन्नव्वा." मी हातातली पिशवी खाली ठेवून वळले. माझं वय तेव्हा पंचावन्न होतं, बरोबर सूनबाई होत्या. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणाले, काही नाही, गुडघा.

पण मी सांगत होते ते त्या पहिल्या हिवाळ्याचं. तात्या रिकाम्या हाताने परत गेल्यावर, हुरड्याच्या दिवसांत मला हिवतापाने धरलं. एक दिवसाआड थंडी वाजून यायची आणि गोधड्यांखाली माझे दात वाजायचे. केंपीने पहिल्याच दिवशी आत्याची चरवी उडवली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी कास दगडासारखी झाली आणि वासरालासुद्धा ती पायाने लोटू लागली. आत्या माझ्या उशाशी येऊन बसली, कपाळावर हात ठेवला आणि सांगितलं की तात्यांना निरोप गेला आहे, ते मंगळवारी येतील. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला वाद घालता आला नाही. तू आजारी पडलीस की जनावर मरायला टेकतं, हे असं किती दिवस चालवायचं, एवढंच ती म्हणाली. मी उठायचा प्रयत्न केला आणि उंबऱ्यापाशी बसले. मला उचलून परत आत नेलं.

मंगळवारी पहाटे भोंगा झाला. मी पडून ऐकत होते. माझी खोली गोठ्याला लागून, मधे एक खिडकी. आधी आत्याच्या बांगडीविरहित हातांनी चरवी ठेवल्याचा आवाज आला. मग जोड्यांचा. अण्णा पायरीवर थांबले नाहीत, खाली उतरले. आत्या म्हणाली, "बाळ, तू बाजूला हो, लाथ मारेल." ते बाजूला झाले नाहीत.

मग अण्णांनी म्हटलं, "बा." थोडं थांबून, "नन्नव्वा." वर्गात शुद्धलेखन घालावं तसं, प्रत्येक अक्षर वेगळं, उच्चार स्वच्छ आणि चाल पूर्णपणे चुकलेली. केंपीने नाक फुरफुरवलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. मग "हालु कोडु" म्हणाले. काही झालं नाही. त्यांचं कानडी तिथे संपलं होतं. मला वाटलं आता ते वर येतील.

ते वर आले नाहीत. ते मराठीत बोलू लागले. "इंदूला ताप आहे," ते म्हणाले. "काल फार चढला होता. डॉक्टरांनी कोयनेल दिलं आहे, कडू आहे, पण ती घेते. अक्काच्या गुडघ्यांना तेल लावायला हवं." "काल चटणी तिखट झाली होती. मी सांगितलं तसं." हे त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं, केंपीला की आणखी कुणाला, ते मला तेव्हा विचारता आलं नाही आणि पुढेही जमलं नाही. एवढं नक्की आठवतं की बोलता बोलता त्यांचा मास्तरकीचा आवाज गळून पडला, ते भराभर, तुटक, खालच्या स्वरात काही तरी सांगत राहिले, त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही, आणि मग रिकाम्या चरवीच्या बुडाला धार वाजली. एक. मग दुसरी. मग भांड्यात दूध असताना येतो तसा जाड आवाज सुरू झाला.

फार निघालं नाही. पावशेर असेल. आत्याने ते तापवलं.

तात्या उन्हं वर आल्यावर आले. नवं दावं खांद्यावर होतंच. आत्याने त्यांना ओसरीवर बसवून चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतला, एक घोट घेतला आणि विचारलं, "दूध कुनाचं?"

"केंपीचं," आत्या म्हणाली. ते नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"म्हंजे ह्या बारीला बी न्हाय," तात्या म्हणाले. त्यांनी बशी संपवली, दावं खांद्यावर सारखं केलं आणि बाजाराकडे निघून गेले.

त्या संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा अण्णा नुकतेच शाळेतून येऊन दारात पोचले होते. मागे केंपी हंबरली. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी छत्री भिंतीला टेकवल्याचा आवाज आला आणि अंगातला कोट न काढता, घरातून तसेच चालत, स्वैपाकघराच्या मागच्या दारातून ते बाहेर आले.